पढवलेला साक्षीदार

वकिली करणाऱ्यास साक्षीदारांच्या दोन जाती चटकन ओळखू येतात. एक आठवून बोलतो, दुसरा पाठ केलेले म्हणून दाखवितो. पढवलेल्याचे पहिले उत्तर फार सुबक असते. तिसऱ्या प्रश्नाला मात्र त्याच्या घशास कोरड पडते. नोकरीच्या मुलाखतीतही हल्ली हीच परीक्षा असते, हे आम्हांस सुरतेत राहून उमगले.

सुरतेच्या उत्तरेस अंकलेश्वर, दक्षिणेस वापी. एकाच रेल्वेमार्गावरची ही गावे, आणि दोन्हीकडे औषधांचे कारखाने. रसायनशास्त्र शिकलेल्या मुलांचे डोळे साहजिकच तिकडे लागतात. आमच्या शेजारचा असाच एक तरुण गुणवत्ता-तपासणीच्या जागेसाठी तयारी करीत होता. "वकीलकाका, तुम्ही काय कराल, असे ते विचारीत नाहीत. काय केलेत, तो प्रसंग सांगा म्हणतात." परिस्थिती, जबाबदारी, कृती आणि परिणाम अशा चार पायऱ्यांनी उत्तर द्यायचे. त्याने दिलेही: "आम्ही मोठी चूक पकडली, आम्ही नुकसान टाळले." आम्ही उलटतपासणी आरंभिली. चूक प्रथम कोणाच्या ध्यानी आली? नोंद कोणी केली? त्यात तुझा हात किती? चिरंजीव गप्प!

१८७२ च्या पुराव्याच्या कायद्याचे साठावे कलम सांगे की, तोंडी पुरावा प्रत्यक्ष असावा; पाहिलेली गोष्ट पाहणाऱ्यानेच सांगावी. २०२४ साली नवा कायदा अंमलात आला, तत्त्व तेच राहिले. साक्षीदाराची स्मृती जागी करणे ही तयारी. त्याला स्मृती पुरविणे ही लबाडी.

खोदून विचारता त्याला एक क्षुल्लक गोष्ट आठवली. महाविद्यालयात तराजूवरील एका वजनाची त्याला शंका आली. त्याने जुना आकडा वाचता येईल अशी एकच रेघ त्यावर मारली, शेजारी सही व तारीख घातली आणि प्रयोग पुन्हा केला. काम आठवडाभर लांबले; गुरुजी रागावले. "हे काय सांगायचे, काका?" आम्ही म्हटले, "हेच सांग." औषधाच्या कारखान्यात नोंद दुरुस्त करण्याची रीत नेमकी हीच आहे. खाडाखोड करून आकडा झाकणे तेथे चुकीहून मोठा अपराध.

त्याचे कारणही तसेच आहे. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. उपचाराच्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशीने औषध-तपासणीच्या यंत्रणेतील बेपर्वाई उघड केली. २०२५ साली छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधाने बालके गेली, तेव्हाही त्याच द्रव्याचे नाव पुढे आले. अशा वेळी कोणी तरी एकट्याने "थांबा" म्हणावयाचे असते. मुलाखत घेणारा शोधीत असतो तो हा मनुष्य.

म्हणून उमेदवाराने आपले लहानसेच, पण खरे प्रसंग आठवावेत, आणि भिडेपोटी 'आम्ही'च्या आड दडू नये. निबंधात 'आम्ही' लिहिण्याची मुभा आम्हांस आहे. तपासणीच्या कागदावर सही करणाऱ्यास मात्र एकवचनाखेरीज गत्यंतर नाही.