दादरची खोली

अम्मीच्या तपासण्यांसाठी आम्ही रत्नागिरीहून मुंबईला गेलो. टाटा हॉस्पिटल परळला. जवळपास परवडणारी खोली मिळेना, म्हणून दादर पूर्वेला पारशी कॉलनीजवळच्या एका छोट्या हॉटेलात उतरलो. जेमतेम आठ खोल्या, लिफ्ट नाही. जिना चढताना अम्मी दोनदा टेकली.

मुंबई इतकी शांत असते हे आम्हांला ठाऊक नव्हते. अजानही ऐकू येईना, फजरसाठी मोबाइलचा गजर लावला. पहाटे अम्मी मुसल्ला घेऊन उभी, पण किब्ला कुठे? काउंटरवर झोपणाऱ्या काकांना पश्चिम विचारली. ते वर आले, खिडकीकडे बोट दाखवले आणि न सांगताच पलंग सरकवून जागा करून दिली. (खोलीच तेवढी!)

संध्याकाळी फाइव्ह गार्डन्समध्ये बसायचो. रिपोर्टचा विषय कोणीच काढत नव्हते. अम्मी फिरायला आलेली कुत्री मोजायची.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, पाच आठवडे शेक घ्यावे लागतील. परतलो तेव्हा काकांनी आमच्या तोंडाकडे पाहिले, रजिस्टर उघडले.

"तीच खोली ठेवू ना?"

"ठेवा," अम्मीच म्हणाली.

तीन दिवस मुसाफिर म्हणून ती कसर पढत होती. त्या रात्री इशाची फर्ज तिने पुरी चार रकात पढली.