टेप कुठून धरायचा?

नोव्हेंबर 2023 मधली ही गोष्ट आठवली की अजून डोकं तापतं. सोलापूरच्या पूर्व भागात एका टॉवेल-चादरीच्या दुकानापुढे एक माणूस स्टुलावर चढून बोर्डावरची अक्षरं टेपनं मोजत होता आणि दुसरा खाली उभा राहून वहीत आकडे लिहीत होता. तो बोर्ड माझ्या वडिलांनी 1987 साली रंगवलेला. वरच्या ओळीत दुकानाचं नाव मराठीत, खाली तेच नाव तेलुगूत, कोपऱ्यात वडिलांची बारीक सही. पाच मिनिटांत निकाल लागला: तेलुगू मोठं आहे, मराठी लहान आहे, बोर्ड नियमात बसत नाही.

मी पेंटर आहे, वडीलही पेंटर होते. डिजिटल आल्यापासून या धंद्याचं काय झालं ते सांगायची गरज नाही. सोलापुरात 'डिजिटल' म्हणजे फ्लेक्सचा फलक, हे इथल्या पोराटोरांनाही कळतं. हल्ली माझ्याकडे शाळांच्या भिंती, ट्रकचे नंबर, देवळांच्या कमानी एवढंच काम येतं. दुकानाचा बोर्ड क्वचित.

म्हणून मराठी पाट्यांचा नियम बदलला तेव्हा मी मनापासून खूश झालो होतो. फक्त धंद्यासाठी नव्हे. मराठी पाटीचा नियम जुनाच होता, पण 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दहापेक्षा कमी कामगार असलेली दुकानं नोंदणीतून बाहेर पडली आणि पाटीच्या बाबतीत पळवाट मिळाली. गल्लीतलं कुठलंही दुकान घ्या, दहा कामगार असतात कुठे? ही पळवाट बंद करायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानं 12 जानेवारी 2022 रोजी घेतला. सोलापूरकराला ही तारीख वेगळी सांगावी लागत नाही. 1931 साली याच दिवशी येरवड्याच्या तुरुंगात सोलापूरचे स्वातंत्र्यसैनिक मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन आणि श्रीकिसन सारडा फासावर गेले. पुढे 2022 च्याच मार्चमध्ये विधिमंडळात दुरुस्ती मंजूर झाली. त्याआधीच फेब्रुवारीत मुंबईतल्या व्यापाऱ्यांची याचिका उच्च न्यायालयानं पंचवीस हजारांचा दंड लावून फेटाळली होती. ते व्यापारी सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 25 सप्टेंबर 2023 रोजी तिथं त्यांना सांगण्यात आलं की दोन महिन्यांत पाट्या करा. दसरा-दिवाळी तोंडावर होती. त्या दोन महिन्यांत राज्यभर पाट्यांची धांदल उडाली, आणि त्याच धांदलीत हे टेपवाले त्या टॉवेल-चादरीच्या दुकानाचे मालक अण्णा यांच्या दारात आले.

दुरुस्तीत काय म्हटलंय ते मी वाचलेलं होतं. नाव मराठीत, देवनागरी लिपीत हवं. मराठी आधी यावं. मराठी अक्षराचा आकार दुसऱ्या कुठल्याही भाषेच्या अक्षरापेक्षा लहान नसावा. आणि मालकाला मराठीसोबत इतर भाषेत, इतर लिपीत नाव लिहायची मुभा आहे, हेही त्यातच लिहिलंय. उच्च न्यायालयानं व्यापाऱ्यांना तेच ऐकवलं होतं, की दुसऱ्या भाषेवर बंदी नाही, मग तुमची तक्रार काय आहे?

आता त्या मोजमापाचं सांगतो. हे जरा सविस्तर सांगणार आहे, कारण माझा सगळा राग तिथंच अडकलाय.

देवनागरी अक्षर शिरोरेषेला टांगलेलं असतं. बोर्ड आखताना आम्ही खडूच्या दोरीनं दोन रेघा मारतो, एक शिरोरेषेची आणि एक पायाची. या दोन रेघांतलं अंतर म्हणजे आमच्या भाषेत अक्षराची उंची. वेलांट्या, मात्रा, रफार वरच्या रेघेच्या बाहेर जातात, उकार खालच्या रेघेच्या बाहेर. तेलुगूला शिरोरेषा नाही. अक्षर गोल, डोक्यावर बरोबरच्या खुणेसारखा छोटा तुरा. त्याला ते लोक तलकट्टु म्हणतात. आणि जोडाक्षर आलं की दुसरं अक्षर ओळीच्या खाली लोंबतं, त्याला म्हणतात वत्तु. अण्णांच्या दुकानाच्या नावात 'लक्ष्मी' आहे. तेलुगूत लक्ष्मी लिहायची तर ओळीखाली चांगलीच जागा सोडावी लागते.

वडिलांना तेलुगू बोलता येत नव्हतं. साखर पेठेतल्या एका विणकर मित्राकडून त्यांनी अक्षरं गिरवून घेतली होती. मला ते सांगायचे, देवनागरीत ब्रश ओढायचा, तेलुगूत ब्रश बोटांत फिरवायचा. गोलाई घेताना हात थांबला की तिथं रंगाची गाठ दिसते. अण्णांच्या बोर्डावर एवढ्या वर्षांनंतरही तशी गाठ दाखवता आली नसती. पत्रा घासून, रेड ऑक्साइड मारून, वर एनॅमलचे दोन हात दिलेले. सोलापूरचं ऊन खाऊन निळा रंग फिका पडला होता, पण अक्षराची कड जागेवर होती.

वडिलांनी मराठी अक्षर नऊ इंच धरलं होतं, तेलुगू सहा इंच. लांबून बघणाऱ्याला आधी मराठीच दिसायची. त्या माणसानं काय केलं? मराठीला टेप लावला शिरोरेषेपासून पायापर्यंत: नऊ इंच. तेलुगूला टेप लावला वरच्या तुऱ्यापासून खाली लोंबणाऱ्या वत्तुच्या टोकापर्यंत: साडेदहा. मी म्हटलं, "साहेब, मग मराठीची वेलांटीपण धरा की. तेरा इंच भरेल."

तो म्हणाला, "वेलांटी म्हणजे अक्षर नव्हे."

"मग वत्तुपण सोडा. दोन्हीकडं एकच माप लावा."

"तुम्ही मालक आहात का?"

"नाही. बोर्ड वडिलांनी केलाय."

"मग बाजूला व्हा."

वहीत नऊ आणि साडेदहा लागलं. माझं म्हणणं कुठेच लागलं नाही. त्या दोघांना तेलुगू वाचता येत नव्हतं याचा मला राग नाही, मलाही अक्षरापलीकडे येत नाही. पण एका ओळीला एक माप आणि दुसरीला दुसरं, हे पहिलीतल्या पोराच्याही लक्षात येईल. इतक्या वर्षांत मराठी गिऱ्हाइकानं, गड्ड्याच्या जत्रेला आलेल्या परगावच्या माणसानं, चादर घ्यायला आलेल्या पुण्या-मुंबईकरानं कुणीच त्या बोर्डाबद्दल तक्रार केली नव्हती. केली ती टेपनं, आणि टेपही वाकडा धरलेला.

दुरुस्तीत 'अक्षराचा आकार' एवढंच म्हटलंय. तो कसा मोजायचा, मात्रेसह की मात्रेविना, हे खाली राबवणाऱ्याच्या हातावर सोडलंय. लिप्या वेगळ्या असल्या की हा घोळ होणारच. उर्दूचं काय करणार? तिथं अक्षर तिरकं उतरतं, एकाच शब्दात दोन-तीन उंच्या येतात. विजापूर वेशीत जाऊन कुणी टेप लावून दाखवावा. माझं स्पष्ट मत आहे की असे नियम करताना दोन पेंटर आणि एक छापखानेवाला समोर बसवून विचारायला हवं. मूळ अक्षराची उंची धरायची, वरचे-खालचे जोड धरायचे नाहीत, एवढं एक वाक्य पुरलं असतं. आणि दुकानदारांनाही सांगतो, दुरुस्तीची प्रत काढून गल्ल्यामागे लावून ठेवा. मोजायला आलेला माणूस काय लिहितोय ते बघा आणि त्याच्या वहीवर सही करण्याआधी आपलं म्हणणंही लिहायला लावा.

मी अण्णांना हेच सांगितलं. त्यांनीही ऐकलं नाही. मला खरं लागलं ते इथंच.

ते दोघं गेल्यावर अण्णा म्हणाले, "पेंटर, ती खालची ओळ काढून टाक."

मी घरी जाऊन कागद घेऊन आलो. बोट ठेवून दाखवलं. म्हटलं, अण्णा, दुसरी भाषा ठेवायला परवानगी आहे. फार तर मराठी फूटभर करून देतो, पैसे नको मला. तुमच्याकडे दोन कामगार. दंड झालाच तर कामगारामागे दोन हजारांच्या वर नाही, बाजारात लाखाची आवई उठलीय ती खरी नाही.

अण्णांनी कागद नीट वाचला. त्यांचं मराठी माझ्यापेक्षा चांगलं आहे, सगळं शिक्षण मराठीतच झालंय. मग म्हणाले, "कायदा तू वाचलास बे. त्यानं वाचलाय का?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मी ओळ पुसली नाही. वडिलांचा हात माझ्या हातानं पुसणं मला जमणार नव्हतं, तसं सांगितलं आणि निघालो. तिसऱ्या दिवशी तिथं डिजिटल लागलेलं. फक्त मराठी, दोन बाजूंना टॉवेलचे फोटो, मध्ये देवी. पत्र्याचा बोर्ड आतल्या गोदामात भिंतीला टेकवलेला. त्या पंधरवड्यात पूर्व भागात अशी बरीच दुकानं बदललेली दिसली. कन्ना चौकापासून अशोक चौकापर्यंत चालत जा, जुन्या बोर्डांवरच्या दोन ओळींच्या जागी एकच ओळ. कुणी कायद्यानं काढायला लावली नव्हती. नियमात लिहिलं होतं 'मराठीही', लोकांच्या कानावर आलं 'मराठीच'.

हे शहर गिरण्यांनी आणि हातमाग-यंत्रमागांनी वाढवलं. पद्मशाली विणकर तेलंगणातून आले, अक्कलकोटकडून कानडी माणूस आला, सगळे इथं सोलापूरचे झाले. पलीकडे कर्नाटकात 2024 मध्ये पाटीवर साठ टक्के कन्नड हवं असा कायदा झाला. बेळगावात मराठी अक्षराचं काय होतं हे ऐकून आपलं रक्त उसळतं. माझंही उसळतं. मग अण्णांना काय वाटलं असेल?

आणि त्याच दुकानापुढच्या खांबावर जानेवारीत, ऐन गड्ड्यात, एक वाढदिवसाचं डिजिटल लागलं. उभं, दुमजली. अण्णांचा नवा, पूर्ण नियमात बसणारा बोर्ड त्याच्यामागे झाकला गेला. परवानगीचा क्रमांक नाही, मुदत नाही. आठवड्याहून जास्त दिवस राहिलं. तिकडे टेप घेऊन कोणी फिरकलं नाही. आकाशचिन्हं आणि जाहिरातफलकांसाठी महापालिकांना 2022 सालचे वेगळे नियम आहेत, विद्रूपीकरणाचा 1995 चा कायदा आहे, साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर उच्च न्यायालयानं 2017 साली दिलेले खणखणीत आदेश आहेत. तरी 13 मे 2024 ला घाटकोपरला 120 बाय 120 फुटांचा फलक वादळात पेट्रोल पंपावर कोसळला आणि सतरा माणसं गेली. माणसं मारू शकणारा फलक कुणी मोजायचा नाही आणि विणकराच्या दुकानावरचा वत्तु मोजायचा, ही गोष्ट माझ्या गळ्याखाली उतरत नाही.

एवढं लिहून झाल्यावर आणखी एक गोष्ट लिहायलाच हवी. त्याच दोन महिन्यांत सात रस्त्यावरच्या आणि नव्या पेठेतल्या कितीतरी शोरूमवर पहिल्यांदा मराठी आली. त्यातल्या काहींना मी स्वतः सांगून थकलो होतो. मराठीत नाव लिहिलं की दुकान हलकं वाटतं, असं एकानं माझ्या तोंडावर सांगितलं होतं. तो माणूस समजुतीनं कधीच बदलला नसता, दंडाच्या धाकानं बदलला. त्याचा बोर्ड मीच रंगवला. पत्र्यावर, एनॅमलमध्ये, मराठी सव्वा फूट. त्या दिवशी मला आनंद झाला होता आणि तो खोटा नव्हता. मग धाक वाईट म्हणू की चांगला? अण्णांच्या दुकानापुढं उभा राहिलो की एक वाटतं, सात रस्त्याला गेलो की दुसरं.

एप्रिल 2025 मध्ये पातूरचा निकाल आला. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या फलकावर मराठीखाली उर्दूतही नाव होतं, ते काढावं म्हणून खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. न्यायालयानं सांगितलं, मराठीबरोबर उर्दू असायला कायद्याची आडकाठी नाही. भाषा धर्माची नसते, ती लोकांची आणि प्रदेशाची असते, असंही त्यात म्हटलंय. सरकारी इमारतीवर चालतं ते दुकानावर का चालू नये? मी पेपर घेऊन थेट अण्णांकडे गेलो.

अण्णांनी बातमी वाचली, घडी घालून गल्ल्यात ठेवली. नातू शेजारी बिलं करत बसला होता. इंग्रजी शाळेत शिकलेला, हुशार पोरगा. तो म्हणाला, "काका, लावू की. पण वाचणार कोण? आमच्या घरात आजोबा सोडून कुणालाच येत नाही."

मी म्हटलं, "वाचता येत नसेल तर बोर्ड बघून तरी शिकशील. मीही तसाच शिकलो."

अण्णा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. गोदामातला पत्रा घासून पुन्हा वापरता येईल का, एवढं विचारलं. मी बाहेर आणून बघितला. खालची कड गंजलीय, बाकी पत्रा ठणठणीत आहे. मराठी फूटभर घ्यायची, तेलुगू पाच इंच, वत्तु धरून आठाच्या आत बसवायचं, म्हणजे टेप कसाही धरला तरी बोलायला जागा राहणार नाही. खर्चाचा आकडा सांगून आलोय. ते म्हणाले, दिवाळीचा माल उचलला की बघू.