पहिला पगार, दोन हप्ते

आमच्या घरांत कर्ज हा शब्द अजूनही हळू आवाजात उच्चारला जातो. व्याज हराम, हे लहानपणापासून ऐकलेले. त्यामुळे मुलाला अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला की आधी अम्मीचे दागिने निघतात, मग मामूंकडे शब्द टाकला जातो, आणि सगळ्या वाटा खुंटल्या की मगच आम्ही बँकेची पायरी चढतो. सही करताना अब्बांचा हात थरथरतो.

तोच मुलगा नोकरीला लागला की मोटारीच्या कर्जावर सही करताना मात्र कुणाचाच हात थरथरत नाही. सोयरिकीची बोलणी चाललेली असतात आणि ‘गाडी आहे का?’ हा प्रश्न मुलाच्या शिक्षणाआधी विचारला जातो.

शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता साधारणपणे अभ्यासक्रम संपून वर्ष होईपर्यंत थांबतो. व्याज थांबत नाही. समजा, वर्षाला १ लाख याप्रमाणे चार वर्षांत ४ लाख उचलले आणि व्याज १० टक्के आहे. सरळ व्याजानेही हप्ता सुरू होताना देणे ५ लाख ४० हजारांवर गेलेले असते. दहा वर्षांत फेडायचे तर महिना सुमारे ७ हजार. त्यात मोटारीसाठी ९ टक्क्यांनी, पाच वर्षांच्या मुदतीने ६ लाख घेतले की आणखी साडेबारा हजार. पेट्रोल, विमा, दुरुस्ती वेगळीच. पगार पंचवीस-तीस हजार असेल तर घरात काय येणार? मोटार दारात उभी राहते आणि धाकट्या बहिणीचे शिक्षण बारावीवर थांबते.

चाकणच्या कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्याला वाहन लागते, हे आम्हांला मान्य आहे. पण त्याचे काम दुचाकीवरही भागते.

कुरआनातील सर्वांत मोठी आयत, सूरह बकराची २८२वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. अडचणीतल्या कर्जदाराला मुदत द्यावी, हे २८०व्या आयतीत आले आहे. आमच्या जमातींनी या दोन्ही आयती मनावर घ्याव्यात. लग्नाच्या जेवणावळींतून वाचणाऱ्या पैशांतून विद्यार्थ्यांसाठी कर्ज-ए-हसनाचा निधी उभारावा, दिलेली रक्कम वहीत लिहावी, आणि नोकरी लागल्यावर मुलाने ती आधी परत करावी. म्हणजे त्याच पैशांत पुढची मुलगी शिकेल. आणि मुलींच्या वडिलांनी सोयरीक ठरवताना गाडीऐवजी मुलावर देणे किती आहे, ते विचारावे.