खाऱ्या पाण्याचे माहेर

चांदूर रेल्वेच्या माणसाला समुद्राचे वावडे आहे असे नाही. तो वाटेत येत नाही, एवढेच. मुंबईची गाडी आमच्या दारावरून जाते, इतकी की तिचे नाव गावाच्या नावाला चिकटले आहे. तरीसुद्धा अठरा वर्षे वर्गात केशवसुत शिकवणाऱ्या या मास्तराने त्यांचे मालगुंड पाहिलेले नव्हते. गेल्या नाताळच्या सुट्टीत आम्ही दोघे निघालो. गाडी आमची सौभाग्यवती चालवते. मी शेजारी बसून रस्ता सांगतो आणि बहुधा चुकीचा सांगतो.

वाचकांपासून लपवण्यात अर्थ नाही, आमच्याबरोबर एक भांडणही प्रवासाला आले होते. दर्यापूर तालुक्यात तिच्या वडिलांनी तिच्या नावे चार एकर वावर ठेवले आहे. पूर्णेच्या खोऱ्यातला तो खारपाणपट्टा. विहीर आहे, पण तिचे पाणी पिकाला द्यावे तर काळी जमीनच बिघडते. पावसाचे एक पीक, आणि ओल टिकली तर हरभरा. ते विकून अमरावतीत फ्लॅट घ्यावा हा माझा विचार. दलालाला संक्रांतीपर्यंत उत्तर हवे होते. सही मात्र तिची.

समृद्धी महामार्ग आमच्याच तालुक्यातून जातो, त्यामुळे सुरुवात झोकात झाली. पुढे घाटात माझी वाचा बसली. दापोलीहून दाभोळला उतरलो, तेव्हा वाशिष्ठीची खाडी समोर पसरली होती. आज निवांत वाटणारे हे दाभोळ एकेकाळी बहामनी राज्याचे मोठे बंदर होते. रशियन प्रवासी अफनासी निकितिन पंधराव्या शतकात परतीच्या वाटेला इथूनच जहाजात चढला. मी हे सांगत असता सौ. गाडी फेरीबोटीवर चढवीत होती. "अहो, आत्ता गप्प बसा," एवढाच अभिप्राय मिळाला. मिनिटभरात गाडी, आम्ही, दोन टेम्पो आणि कोंबड्यांची एक टोपली धोपाव्याकडे तरंगू लागलो.

गुहागरला व्याडेश्वराचे दर्शन घेऊन वेळणेश्वरी मुक्काम केला. संध्याकाळी ती लाटेत उभी राहिली, ओंजळभर पाणी घेतले आणि चक्क चाखले. उचंबळून आली की तिची भाषा दर्यापूरची होते.

"आमच्या वावरातल्या विहिरीचं पाणी असंच लागते. याच्यात मीठ जरा जास्त हाये, बस."

मी हसलो. ती हसली नाही.

रात्री सोलकढी वाढताना घरच्या आजींनी आमच्या गावाची चौकशी केली आणि खाऱ्या पाण्याचा विषय निघताच त्या सरसावून बसल्या. त्यांचीही खाडीकाठी खार जमीन. भरतीचे पाणी अडवायला मातीचा बांध, बांधाला उघाडी. भरतीला ती मिटते, ओहोटीला आतले पाणी बाहेर जाते. पहिल्या पावसाने मीठ धुऊन निघाले की मग भात. पनवेलच्या संशोधन केंद्राने खाऱ्या जमिनीसाठी भाताच्या खास जातीही काढल्या आहेत. "बांध फुटला की मात्र रात्र असो, दिवस असो, सगळ्या वाडीने धावायचं," आजी म्हणाल्या. विकायची नाही का, असे मी विचारले. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की मी भाताचे वाढणे मागून घेतले.

खोलीत आल्यावर सौ. म्हणाली, "बाबा त्या विहिरीवर उभे राहून मला आकाशाकडं पाहायला शिकवत. पाऊस कुठून येतो ते. वावर मी इकत नाही."

हेदवीची बामणघळ पाहून तवसाळला पोचलो. जयगडची फेरीबोट अर्ध्या खाडीत असताना दलालाचा फोन आला. तिने तो माझ्या हाती दिला. "विकायचे नाही," मी म्हणालो. दलालाला वाऱ्यामुळे ऐकू गेले नसावे. दोनदा ओरडून सांगावे लागले. कोंबड्या नसल्या तरी बोटीवरची माणसे होतीच, सगळी वळून पाहू लागली.

मालगुंडला कवीचे कौलारू घर आहे, शेजारी १९९४ साली उभे राहिलेले स्मारक. केशवसुत १८६६ साली जन्मले, १९०५ साली हुबळीस गेले. उणीपुरी चाळीस वर्षेही नाहीत. माझे वय मी मनातल्या मनात मोजले. मग सौ.ला सांगितले, हा समुद्राकाठचा मुलगा शिकायला काही काळ आपल्या नागपुरास येऊन राहिला होता.

"त्या काळी?" तिने विचारले. "आणि तुम्हाला इकडं यायला अठरा वर्षं लागली!"