अर्ज आणि अर्जदार

गद्यलेखनाचे जेवढे म्हणून प्रकार आहेत, त्यांपैकीं अर्ज या प्रकाराकडे साहित्यशास्त्रकारांनीं अगदींच दुर्लक्ष केलेलें दिसतें. पत्र, दैनंदिनी, आत्मचरित्र यांना वाङ्मयाच्या दालनांत मानाचें आसन मिळालें. अर्ज मात्र कचेरीच्या व्हरांड्यांतच तिष्ठत राहिला. वास्तविक पाहतां बहुतेक माणसें आयुष्यांत कविता लिहीत नाहींत व आत्मचरित्र तर त्याहून क्वचित् लिहितात. अर्ज मात्र प्रत्येकास लिहावा लागतो. आपण कोण, आपणांस काय पाहिजे आणि तें दुसऱ्यानें आपणांस कां द्यावें, हे तीन अवघड प्रश्न त्यांत एका पानांत सोडवावयाचे असतात. तत्त्वज्ञान्यांना यांतला पहिलाच प्रश्न जन्मभर पुरतो.

अध्यापकाच्या धंद्यांत आम्हांला अर्ज वाचण्याचा योग पुष्कळ येतो. प्रवेशांची गर्दी ओसरली म्हणजे दरवर्षीं एका विशिष्ट अर्जाचे गठ्ठे आमच्या टेबलावर येऊन पडतात. १९४९ सालीं स्थापन झालेलें पुणें विद्यापीठ २०१४ पासून सावित्रीबाई फुले यांचें नांव धारण करून आहे. त्या विद्यापीठांत व त्याच्याशीं संलग्न असलेल्या महाविद्यालयांत कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नांवानें 'कमवा आणि शिका' ही योजना चालते. विद्यार्थ्यानें दिवसांतून कांहीं तास ग्रंथालयांत, प्रयोगशाळेंत, बागेंत किंवा कार्यालयांत काम करावें आणि तासांच्या हिशेबानें त्याचा मोबदला घ्यावा, अशी तिची साधी रचना आहे. आमच्याकडील अर्जास मागील परीक्षेची गुणपत्रिका, बँकेच्या पासबुकाची प्रत आणि तहसीलदाराच्या कचेरींतून आणलेला उत्पन्नाचा दाखला जोडावा लागतो. आणि शेवटीं विभागप्रमुखाची, म्हणजे आमची, शिफारस.

या अर्जांत एक रकाना असतो : 'योजनेंत भाग घेण्याचें कारण'. त्यासाठीं तीन बोटांएवढी जागा सोडलेली असते. इतक्या वर्षांत त्या जागेंत आम्ही बहुधा एकच वाक्य वाचीत आलों आहों : 'घरची परिस्थिति हलाखीची असल्यामुळें.' विद्यार्थी कोंकणांतला असो कीं मराठवाड्यांतला, वाक्य बदलत नाहीं. मागल्या वर्षीच्या मुलांनीं यंदाच्या मुलांना तें सांगितलेलें असतें आणि एखाद्या मंत्राप्रमाणें तें पुढें चालत राहतें. तें खोटें असतें असें आम्ही म्हणत नाहीं. बहुतेकांच्या बाबतींत तें अक्षरशः खरें असतें. परंतु खरी गोष्टहि सर्वांनीं एकाच शब्दांत सांगितली म्हणजे वाचणाऱ्याच्या मनावरून ती घसरून जाते.

दोन वर्षांपूर्वीं बी. ए.च्या दुसऱ्या वर्गांतील एका मुलीनें मात्र त्या रकान्यांत लिहिलें होतें : 'कार्यालयाचें काम कसें चालतें तें शिकावयाचें आहे.' त्या वेळीं आमच्या खोलींत एक सहकारी बसले होते. त्यांनीं तो कागद पाहिला व अगदीं कळवळ्यानें म्हटलें, "बाळ, असें लिहूं नकोस. छाननी करणाऱ्यांना वाटेल, हिला कांहीं गरज नाहीं. परिस्थिति लिही." मुलीनें आमच्याकडे पाहिलें. आम्हीं विचारलें, "घरीं शेती किती?"

"दीड एकर, सर. कोरडवाहू."

"मग तें कां नाहीं लिहिलेंस?"

"दाखला जोडला आहे, सर. परिस्थिति त्यांत आली. कारण माझें आहे, तेवढें असूं द्या."

ती उद्धटपणानें बोलली नव्हती; उलट तिचा आवाज थोडा कांपत होता. खानावळीचें दोन महिन्यांचें देणें डोक्यावर असतांना आणि जागा थोड्या, अर्जदार पुष्कळ, हें ठाऊक असतांना तिनें तें वाक्य लिहिलें होतें. आमच्या सहकाऱ्यांचा सल्ला व्यवहारदृष्ट्या चुकीचा नव्हता. निधि मर्यादित असला म्हणजे कोणाला घ्यावें व कोणाला नाहीं हें कोणीतरी ठरविलेंच पाहिजे, आणि ज्याला गरज अधिक त्याला आधीं, हा नियम अन्यायाचा म्हणतां येत नाहीं. तथापि गरज हें पात्रतेचें प्रमाण असणें निराळें आणि गरज हीच माणसाची ओळख होऊन बसणें निराळें. त्या मुलीला हा भेद उमगला होता. फक्त तो कोणत्या शब्दांत मांडावा हें तिला ठाऊक नव्हतें.

हा भेद जुना आहे. केंब्रिजला 'सायझर' नांवाचे गरीब विद्यार्थी असत; फी कमी द्यावयाची आणि त्याच्या बदल्यांत कॉलेजांत सेवाचाकरी करावयाची, अशी त्यांची स्थिति असे. आयझॅक न्यूटन १६६१ सालीं ट्रिनिटी कॉलेजांत आला तो याच वर्गांत. डब्लिनच्या ट्रिनिटींत ऑलिव्हर गोल्डस्मिथहि सायझर होता आणि त्या स्थितींतला अपमान तो पुढें विसरला नाहीं. १७५९ सालच्या आपल्या ग्रंथांत त्यानें या चालीवर टीका केली आहे. तेथें काम होतें, पण त्या कामाला विद्येशीं कांहीं नातें नव्हतें. तें केवळ गरिबीचें बाह्य चिन्ह होतें.

आमच्याकडे माधुकरी होती आणि वार लावून जेवणें होतें. सोमवारीं या घरीं, मंगळवारीं त्या घरीं, असे आठवड्याचे सात दरवाजे जुळवून कित्येकांनीं पुण्यांत विद्या केली. त्या घरांच्या उदारपणाविषयीं आमच्या मनांत आदर आहे. परंतु पानावर बसलेल्या मुलाच्या मनांत काय चाललेलें असे, तें वाढणारीला क्वचितच कळलें असेल. शिवाय हे दरवाजे सर्व जातींच्या मुलांना उघडे नव्हते, ही गोष्टहि विसरून चालावयाचें नाहीं.

कचेरीपुढें उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्याची जी कथा आम्हांला नेहमीं आठवते ती महर्षि धोंडो केशव कर्वे यांची. १८७५ सालीं सहावीच्या परीक्षेस बसण्यासाठीं ते मुरुडहून साताऱ्यापर्यंत शंभर मैलांहून अधिक वाट पायीं तुडवीत गेले. आणि तेथें पोंचल्यावर, वयानें लहान दिसतो, या सबबीवर त्यांना परीक्षेस बसूं दिलें नाहीं. पायांखालीं गेलेले मैल कोणत्याहि अर्जाच्या रकान्यांत मावत नाहींत. ते मोजण्याची सोय त्या दिवशीं साताऱ्यास नव्हती आणि आजच्या संगणकावरील अर्जांतहि ती झालेली नाहीं.

त्याच साताऱ्यांत पुढें भाऊराव पाटलांनीं या प्रश्नाचें उत्तर शोधलें. १९१९ सालीं कऱ्हाडजवळच्या काले येथें त्यांनीं रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्यें ते साताऱ्यास आले आणि निरनिराळ्या जातींच्या मुलांना त्यांनीं एका वसतिगृहांत एकत्र ठेविलें. १९२७ सालीं महात्मा गांधींच्या हस्तें त्या वसतिगृहाला छत्रपति शाहूंचें नांव मिळालें. १९४७ सालीं साताऱ्यास छत्रपति शिवाजी कॉलेज निघालें, तेव्हां श्रम करून शिकण्याचा तो मार्ग महाविद्यालयापर्यंत जाऊन पोंचला. भाऊरावांनीं केलें तें वरवर पाहतां फार लहान दिसतें. त्यांनीं दानाच्या जागीं मोबदला ठेविला. माधुकरी मागणाऱ्याला 'आज नाहीं' असें सांगतां येतें; काम करून उभ्या राहिलेल्या मुलाला तसें सांगतां येत नाहीं. त्याचें देणें लागतें. 'देणें लागणें' या दोन शब्दांत त्या मुलाची मान वर करण्याचें सामर्थ्य आहे.

आमच्या सुशिक्षित घरांना मात्र ही गोष्ट अजून पुरती पटलेली नाहीं. आमच्या विद्यार्थिदशेंत, १९८०च्या सुमारास, आमचा एक खोलीसोबती सायंकाळीं 'वाचनालयांत जातों' म्हणून बाहेर पडत असे. वर्षभरानें त्याच्या बोटांवरच्या शाईवरून आम्हांला कळलें कीं, तो एका छापखान्यांत खिळे जुळवावयास जातो. त्यानें चोरी लपविली नव्हती, कष्ट लपविले होते. आणि आज? चिरंजीव अमेरिकेस शिकावयास गेले म्हणजे तेथील विद्यापीठाच्या ग्रंथालयांत ते पुस्तकें लावतात किंवा भोजनगृहांत बशा विसळतात, हें मातोश्री चार घरीं कौतुकानें सांगतात. तेथें १९६४ च्या कायद्यानें गरजू विद्यार्थ्यांच्या कामास सरकारी पैसा मिळूं लागला. परदेशी विद्यार्थ्यांस त्या निधींत वांटा नसतो, तरी विद्यापीठाच्या आवारांत सत्र चालू असतांना आठवड्यास २० तासांपर्यंत काम करण्याची त्यांना मुभा असते. पण हेच चिरंजीव पुण्यास असतां विद्यापीठाच्या कार्यालयांत फायली लावावयास निघाले असते, तर 'लोक काय म्हणतील, आमच्याकडे काय कमी आहे?' असें त्याच मातोश्रींनीं म्हटलें असतें. सात समुद्र ओलांडल्याबरोबर कामाची लाज धुऊन निघते, हा नवलाचाच गुण म्हटला पाहिजे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें 'इंटर्नशिप'ला महत्त्व दिल्यापासून हा शब्द लहान गांवांतल्या महाविद्यालयांतहि ऐकूं येऊं लागला आहे. अनुभव मिळावा हें योग्यच आहे. परंतु यांतील कित्येक जागा बिनपगारी असतात, आणि बिनपगारी अनुभव ज्याच्या खोलीचें भाडें बाप भरतो त्यालाच परवडतो. म्हणून मोबदल्याचा प्रश्न गौण नव्हे. अनुभवाच्या दारांत कोणी पाऊल टाकावें, हें तो प्रश्नच ठरवितो.

त्या मुलीला काम मिळालें. एका कार्यालयाच्या आवक-जावक नोंदवहीवर तिची नेमणूक झाली. पत्र आलें कीं त्यास क्रमांक द्यावयाचा, तारीख घालावयाची, विषय एका ओळींत लिहावयाचा व तें योग्य टेबलाकडे पाठवावयाचें. ऐकावयास हें काम रूक्ष वाटतें. पण दोन पानांच्या पत्राचा विषय एका ओळींत लिहिणें ही भाषेची परीक्षाच आहे, आणि आमच्या कांहीं निबंधलेखकांना ती उतरतां येणार नाहीं. महिन्याभरानें ती आम्हांस म्हणाली, "सर, खिडकीच्या आंत बसल्यावर कळलें, बाहेरच्यांना काय आणायचें तेंच माहीत नसतें. एका कागदासाठीं मुलें तीन तीन खेपा घालतात." तिनें कोणत्या दाखल्यास कोणतीं कागदपत्रें लागतात त्याची यादी सुवाच्य अक्षरांत लिहून खिडकीशेजारीं चिकटविली. हेडक्लार्कनीं ती वाचली, एक चूक दुरुस्त केली आणि राहूं दिली. शासनव्यवहारावरील एखादें व्याख्यान ऐकून तिला हें सुचलें असतें, असें आम्हांस वाटत नाहीं.

परंतु त्याच कार्यालयांत तिचा पहिला मोबदला तीन महिन्यांनीं निघाला. हजेरीपत्रक वेळेवर भरलें होतें, सह्या झाल्या होत्या. कागद मात्र एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाण्यास आळसावला होता. खानावळवाल्याची वही तितकी सोशीक नसते. तिनें दोन मुलांच्या शिकवण्या धरून ते दिवस काढले व आम्हांला तें फार उशिरां, तेंहि दुसऱ्याकडून, समजलें. यांत कोणाचा दुष्टपणा नव्हता. 'विद्यार्थ्यांचेच तर पैसे, होतील सावकाश', एवढीच भावना होती. पण या भावनेनें भाऊरावांचा सारा हिशेब उलटा होतो. वेळेवर न दिलेला मोबदला पुन्हां दान होऊन बसतो, आणि आपल्या हक्काचे पैसे मागावयास गेलेली मुलगी पुन्हां खिडकीबाहेरची अर्जदार होते.

म्हणून आतां शिफारशीच्या जागीं 'होतकरू व गरजू' हे ठरावीक शब्द लिहिणें आम्हीं सोडून दिलें आहे. विद्यार्थ्याला काय येतें व त्याला काय शिकावयाचें आहे, एवढें आम्ही लिहितों. आणि महिना संपला कीं हजेरीपत्रक कोणत्या टेबलावर आहे, याची चौकशी करावयास स्वतः जातों. तेथील मंडळींना आमचें हें येणें फारसें रुचत नाहीं. तथापि अलीकडे आम्ही दारांत दिसलों कीं तें पत्रक वरच्या बाजूस येऊं लागलें आहे.