दुधाचा सुळा पडला नाही तेव्हा

मुलीचं तेरावं वर्ष संपत आलं तरी वरचा डावा दुधाचा सुळा जागचा हलला नव्हता. उजवा पडून तिथे पक्का सुळा येऊन वर्ष झालं होतं. "आपल्याकडे दात उशिराच येतात," सासूबाई म्हणाल्या. मलाही ते पटलं. तिला दुखत काहीच नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत तिची किडलेली दाढ भरायला गेलो. डॉक्टरांनी वरच्या हिरडीवरून बोट फिरवलं आणि ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे, काढायला सांगितलं. एक्स-रेत पक्का सुळा हाडात आडवा पडलेला, त्याचं टोक शेजारच्या पटाशीच्या मुळावर टेकलेलं. मग सीबीसीटी, म्हणजे दातांचा त्रिमितीय स्कॅन केला. उजव्या पटाशीचं मूळ निमुळतं होत गेलेलं दिसत होतं. डावीचं मध्येच बोथट झालेलं. जवळजवळ एक तृतीयांश मूळ गेलं होतं.

डॉक्टरांनी समजावलं. खालून पक्का दात सरकतो तसं दुधाच्या दाताचं मूळ विरघळतं, म्हणून तो पडतो. इथे सुळ्याची वाट चुकली आणि तेच पक्क्या दाताच्या मुळाचं होत होतं. दुखत नाही, म्हणून कळत नाही. गेलेलं मूळ परत येत नाही. सुळा बाजूला झाला की झीज बहुतेक वेळा थांबते.

रिक्षात मुलीने विचारलं, "आई, माझा पुढचा दात पडेल का गं?" मी नाही म्हणाले. खरं तर मला माहीत नव्हतं.

दुधाचा सुळा काढला, तारा बसवल्या. मग भूल देऊन टाळूकडची हिरडी उघडली, सुळ्यावर बारीक बटण चिकटवून त्याला साखळी जोडली. पहिले चार दिवस मऊ खिचडी आणि गार ताक एवढंच चाललं. साखळीभोवती अन्न अडकून हिरडी सुजायची. लहान मुलांचा मऊ ब्रश आणि मिठाच्या पाण्याच्या गुळण्या यांनी फरक पडला. दर महिन्याला साखळी थोडी ओढायचे, आधी मुळापासून लांब, मग खाली. सुळा जागेवर यायला वीस महिने लागले. पटाशी टिकली आहे. मूळ आखूडच आहे, म्हणून दर वर्षी एक्स-रे काढतो.

दहा-अकराव्या वर्षी लक्षात आलं असतं, तर नुसता दुधाचा सुळा काढूनही पक्का सुळा कदाचित आपोआप वाटेवर आला असता, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. ते ऐकून मला फार लागलं.

तुमचं मूल नऊ-दहा वर्षांचं असेल, तर दातांच्या डॉक्टरांकडून वरच्या दोन्ही सुळ्यांची जागा एकदा चाचपून घ्या. एका बाजूचा आला आणि सहा महिन्यांत दुसऱ्या बाजूचा आला नाही, तर दुखायची वाट बघू नका.