आईच्या पेसमेकरची बॅटरी

गेल्या आश्विनातील तपासणीत डॉक्टरांनी सांगितले, "पेसमेकर बदलण्याची वेळ जवळ येत आहे." घरी परतल्यावर आई देवघरातील समईकडे पाहत म्हणाली, "तेल संपले की ज्योत विझते. एखाद्या रात्री माझेही तसेच होईल का रे?" आईचे वय ८१. 'काळजी करू नकोस' एवढ्या उत्तराने तिचे समाधान झाले नसते. पुढच्या भेटीत मी तिचाच प्रश्न डॉक्टरांपुढे ठेवला.

त्यांनी जे समजावले, त्यामागे मोठा इतिहास आहे. १९५८ मध्ये स्टॉकहोम येथे आर्ने लार्सन यांच्या शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर काही तासांतच बंद पडला होता. पुढे पारा-जस्ताच्या बॅटऱ्या आल्या. त्या जेमतेम दोनेक वर्षे टिकत, आणि त्यांतून हायड्रोजन वायू निघत असल्याने त्या पूर्णतः हवाबंद करता येत नसत. १९७२ मध्ये लिथियम-आयोडिन बॅटरी प्रथम माणसाच्या शरीरात बसवली गेली आणि चित्र पालटले. आईच्या पेसमेकरमध्ये हीच बॅटरी आहे.

तिचा एक इलेक्ट्रोड लिथियम धातूचा, दुसरा आयोडिनयुक्त. दोहोंच्या संयोगातून लिथियम आयोडाइडचा घन थर तयार होतो. वायू निर्माण होत नसल्याने सारे काही टायटॅनियमच्या कवचात कायमचे बंद करता येते. वर्षे लोटतात तसा हा थर जाड होतो, विजेच्या वाटेतील अडथळा वाढतो आणि बॅटरीचा दाब हळूहळू उतरतो. हे उतरणे तपासणीच्या यंत्रावर स्पष्ट दिसते. बदलण्याची सूचना मिळाल्यावरही साधारणतः तीनेक महिन्यांचा अवधी हाती राहावा, अशीच तिची रचना असते. मात्र ही सूचना वाचण्यासाठी ठरलेल्या तपासण्या चुकवून चालत नाही.

आईने सारे शांतपणे ऐकले. मग विचारले, "पुन्हा हृदयापर्यंत तारा घालाव्या लागतील?" तारा सुस्थितीत असल्याने केवळ खांद्याखालचे यंत्र बदलायचे होते, तेही तेवढाच भाग बधिर करून.

शस्त्रक्रिया सुरळीत पार पडली. घरी आल्यावर सांजवेळी समईत तेल घालताना आई म्हणाली, "ज्योत मंदावते तेव्हाच कळते की रे. पाहणारे कुणीतरी हवे, एवढेच."

पुढच्या तपासणीची तारीख मी त्याच संध्याकाळी कॅलेंडरवर लिहून ठेवली.